पहिलं घावन तांबडीला

जगातली कुठलीही गोष्ट चांगली की वाईट, हे ती गोष्ट संपल्याशिवाय आणि शक्यतो संपून बरीच वर्षं झाल्याशिवाय सांगता येत नाही, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा भाऊ निघाला. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यामुळे शहाण्या लोकांनी याबद्दल काय लिहून ठेवलंय ते मला ठाऊक नाही. पण कट्टा गावच्या बाजारापासून वालावलच्या देवळापर्यंत असा दुसरा नग नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. आमचं लग्न ठरलं तेव्हा वालावलला त्यांच्या ओटीवर सगळ्यांनी मला नीट बघून घेतलं. कोणी म्हणालं जावई काळा आहे, कोणी म्हणालं काळा असला तरी हाडापेराने बरा आहे. हा तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला, खांबाला टेकून उभा होता. सासऱ्यांनी हौसेने विचारलं, "तुका कसो वाटलो रे?" तर म्हणाला, "आताच काय सांगतलंय? नातवंडां होवंदेत, मगे बघूया." माणसं हसली. मी हसलो नाही, कारण मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि त्या तोंडावर गंमत कुठेच नव्हती. पुढे मला नातवंडं झाली, ती शाळेत जायला लागली, तेव्हा मी मुद्दाम आठवण करून दिली. त्याने पोरांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "भावोजी, अजून ल्हान आसत."

जिवंत वस्तूला त्याच्या तोंडून बरं म्हणवून घेणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. लग्नाच्या पंगतीत आचारी विचारायला आला की, वडे कसे झालेत, तर हा म्हणायचा, "उद्या सांगतंय." एकदा खरंच दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून आचाऱ्याच्या घरी गेला आणि सांगून आला की, वडे बरे होते, रात्री त्रास झाला नाही. नवीन वस्तू त्याने जन्मात विकत घेतली नाही. स्कूटर घेतली ती एका निवृत्त मास्तरांची. ती घेण्याआधी मास्तरांना नव्हे, मास्तरांच्या बायकोला जाऊन विचारलं की, मास्तर हिच्यावरून कधी पडले का. छत्री त्याची नव्हती, मयत झालेल्या चुलत्याची होती. चपला तर कोणाच्या होत्या ते विचारायची माझी छाती झाली नाही. त्या त्याच्या पायाला मोठ्या होत्या, चालताना फटक-फटक वाजायच्या, पण बदलायचं नाव नाही. मी म्हटलं, "अरे, कट्ट्याच्या दुकानात नवीन मिळतात, तुझ्या मापाच्या." तर म्हणाला, "नवीन वाईट नाय. नवीन कसा आसा ता अजून कोणाक कळला नाय, इतकाच." हे त्याचं आवडतं वाक्य. त्यात राग नव्हता, हट्टही नव्हता. समोरच्या माणसाला आंघोळीचं पाणी तापायचं आहे असं सांगावं, तितक्या शांतपणे तो हे सांगायचा.

त्याच्या मुलासाठी मुली बघत होते, तेव्हा मी बरोबर गेलो होतो. घर मोठं होतं, मुलगी शिकलेली, पोहे चांगले. मुलगी बाहेर आली, बसली, उठली, आत गेली. ह्याने एकदाही मान वर केली नाही. मुलीचा बाप घाबरला. त्याला वाटलं, पसंत नाही. शेवटी ह्याने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "घरात आजी आसा ना? तिका जरा भायर बोलवा." आजीबाई आल्या, काठी नव्हती हातात. ह्याने त्यांना खळ्यात चार पावलं चालायला लावलं, मग विचारलं, दात स्वतःचे आहेत काय, आणि लग्नाआधी माहेरी काय खायच्या. म्हातारी तापली. म्हणाली, "मेल्या, माका बघूक इलंस काय रे?" हा म्हणाला, "व्हय. पोर काय, आज आसा ती उद्या बदलतली. तू बदलूची नाय." म्हातारी तशीच आत गेली आणि त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने लाडू घेऊन आली. लग्न जमलं. ती सून आता त्या घरातली सगळ्यात शहाणी बाई आहे. पण ती शहाणी आहे असं ह्याने अजून म्हटलेलं नाही.

हे सगळं त्याला गुरांमुळे आलं. त्याचा गोठा मोठा नव्हता, पण तरुणपणी त्याने गाईंना कांडी भरायचं शिक्षण घेतलं होतं. हल्ली बैल दारी न्यावा लागत नाही. चांगल्या बैलाचं बीज उदबत्तीच्या काडीएवढ्या बारीक नळीत भरून ठेवतात, त्याला कांडी म्हणतात. ती बर्फापेक्षा कितीतरी थंड अशा पाण्यासारख्या द्रवात ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, बैल मेला तरी टिकते. ह्याच्याकडे असं एक भांडं होतं, दुधाच्या कॅनसारखं, पण गळ्याशी अरुंद. आतला तो द्रव हळूहळू उडून जातो, म्हणून पुन्हा पुन्हा भरून आणावा लागायचा. त्यासाठी हा कुडाळला खेपा घालायचा आणि भांड्यापासून दूर राहायला मागायचा नाही. रेडी गावात एका लग्नाला गेला तेव्हा भांडं नवरीच्या खोलीत ठेवलं, कारण तिथे पंखा होता. गणपतीत आरतीला उभा राहिला तरी एक पाय भांड्याला टेकलेला. एकदा स्कूटर बिघडली म्हणून भांडं घेऊन एसटीत बसला. कंडक्टर म्हणाला, "काय आसा ह्येच्यात?" हा म्हणाला, "बैल." कंडक्टर म्हणाला, "बैलाक गाडयेत घेवक गावना नाय." हा म्हणाला, "मगे तेका खाली उतरय बघूया," आणि झाकण जरासं उचललं. आतून पांढरा धूर वर आला, पुढच्या बाकावरच्या बायकांनी पाय वर घेतले, एकीने तर हात जोडले. कंडक्टर दारात गेला आणि त्याने घंटी मारली. मालवण येईपर्यंत त्या बाकाकडे कोणी फिरकलं नाही, आणि हा ऐसपैस बसून आला.

आता त्या बैलाबद्दल सांगतो, कारण भांड्यात खरोखरच बैल होता. पोवळ्या त्याचं नाव. वालावलला ह्यांच्याच गोठ्यातला, आपला गावठी, विटकरी रंगाचा. मी त्याला जिवंत पाहिला आहे, आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. ठेंगणा, एक शिंग पुढे, एक मागे, नांगराला जुंपला की भाताच्या चोंढ्यात अर्ध्यावरच बसायचा आणि शेजारच्यांचे भोपळे मात्र अंधारातही बरोबर शोधून काढायचा. एकदा गावठी गुरांची पाहणी करणारी माणसं आली आणि काय त्यांना दिसलं कोण जाणे, त्याला गाडीत घालून घेऊन गेली, त्याच्या कांड्या भरल्या आणि परत आणून सोडला. पुढे तो मेला. त्याच्या कांड्या कोणी मागेना. ज्याला त्याला मोठाले, उंच, फोटोतले बैल पाहिजे होते. शेवटी पडून असलेल्या त्या कांड्या ह्याने मागून घेतल्या. तेव्हा मी त्याला तोंडावर म्हटलं होतं, "अरे, जिवंत होतो तेवा भोपळे खाल्ल्यान, आता मेलो तरी तुका खातलो." तो म्हणाला, "बैल बघून काय कळता, भावोजी? बैलाची चेडवां बघूक होयी, चेडवांची चेडवां बघूक होयी. तोपर्यंत बैल खंय आसता?"

आणि वर्षं गेली तशी पोवळ्याच्या लेकी-नाती दिसायला लागल्या. दूध काही घागरीने नाही, पण जे पहिल्या वेताला तेच म्हातारपणी. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, करपलेलं गवत खाऊन चढ चढून येणाऱ्या, गोचिडीला दाद न देणाऱ्या, कोणाला हाक न मारता आपल्या आपण व्यायणाऱ्या. आमच्याच वाडीत एकाने मोठी गाय आणली होती, पहिल्या वर्षी बादल्या भरायची. आमच्या पावसात तिच्या खुरांना कीड लागली आणि बिचारी उभी राहीना. तेव्हा माझा मेव्हणाच तिच्या पायाला औषध लावायला रोज यायचा आणि मालकाला "मी सांगलंलय ना" असं एकदाही म्हणाला नाही. उलट म्हणाला, "गायेचो दोष नाय. तिची आजी हंयसर भिजली नाय, ती काय करतली?" मग लोक पोवळ्याच्या कांड्या मागायला लागले. तेव्हा हा देईना. म्हणजे द्यायचा, पण गाय बघून, गाईची आई बघून, आणि तोंड वाकडं करून. होता होता भांड्यात थोड्याच उरल्या, आणि त्या त्याने राखून ठेवल्या त्या माझ्या बायकोच्या गाईसाठी.

आमची घरकारीण लग्न होऊन आली तेव्हा माहेरून आंदण म्हणून एक गाय घेऊन आली. तिचं नाव तांबडी. ती गेली, तिची लेक तांबडी. तिची लेकही तांबडी. आमच्या घरात नाव एकच राहिलं, गाई बदलत गेल्या. रोज सकाळी बिडाच्या तव्यावर पडणारं पहिलं घावन तांबडीचं. मी ओटीवर चहा घेऊन बसलेलो असलो तरी दुसरं माझं. आता ह्या गाईंची एक खोड अशी की, त्यांचा माज, म्हणजे गाभ धरायची वेळ, मुका. बाकीच्या गाई माजावर आल्या की हंबरून वाडी उठवतात, ह्या गप्प उभ्या राहतात. वेळ निघून जाते आणि कोणाला पत्ता नसतो. पण माझ्या बायकोला पत्ता असायचा. त्या दिवशी तांबडी घावनाला तोंड लावायची नाही. हुंगायची आणि मान फिरवून सड्याकडे बघत बसायची. मग ही भावाला फोन करायची, "आज घावन घेतल्यान नाय, ये." बस, इतकंच. बरी आहेस काय, जेवलास काय, काही नाही. त्याचाही फोन आला तर "गाय काय म्हणता?" यापलीकडे तो कोणाची चौकशी करायचा नाही, बहिणीचीसुद्धा नाही. मी म्हणायचो, "तुमची भाऊ-बहिणीची माया गाईच्या पोटातनाच जाता." ती म्हणायची, "तुमका काय करूचा आसा? जाता ना?"

गेल्या साली लावणी उरकली आणि ती गेली. त्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तापाने गेली आणि मी घरात होतो, एवढंच.

बाराव्याला सगळे ओटीवर बसलेले असताना हा दिसेना. बघितलं तर गोठ्यात तांबडीच्या पुढ्यात बसला होता, भांडं बाजूला. रडला नव्हता. मला म्हणाला, "तांबडीचा काय करतलास?" मी म्हटलं, "देवन टाकतंय. वाडीतलो एक जण न्हेवक तयार आसा. माका जमाचा नाय." तो म्हणाला, "हिका सगळे पाडेच झाले. पाडी एक नाय. ही गेली की बायच्या आंदणातला काय्येक ऱ्हवणा नाय." मी म्हटलं, "बायच ऱ्हवली नाय, आंदण ठेवन काय करू?" मी असाच बोलतो, मला गोड बोलता येत नाही. त्याने भांड्याचं झाकण बोटाने दाबून बसवलं. मग म्हणाला, "पोवळ्याच्यो दोन कांड्यो आसत. हिच्या खापरपणजेक पोवळ्याच होतो, परत लगेच तोच चलाचो नाय. म्हणान मधल्या गायेंका दुसरे बैल दिले. रगात लांब जावक होया होता. बाय आणि मी ह्या तांबडीसाठीच थांबान होतों, पण पयली वेतां बघल्याशिवाय हिका तरी पोवळ्या कसो देतलों? आता ती वेळ इली, आणि बाय..." आणि तो उठून फटक-फटक चपला वाजवत गोठ्याबाहेर गेला. मी गाय दिली नाही.

पण गाय ठेवून भागत नव्हतं. पोरं बाराव्यानंतर शहरात परत गेली होती, घरात मी एकटा. माज कळणार कसा? मेव्हणा म्हणाला, घावन घाला. मी म्हटलं, मी जन्मात घावन घातलं नाही. तो म्हणाला, "मगे शिका. तांबडी बोलाची नाय, तिचो फोन तोच." तेव्हापासून रोज सकाळी मी तांदळाचं पीठ कालवून बसायला लागलो. पहिले दिवस तव्याला जे चिकटायचं ते मी उलथन्याने खरवडून काढायचो, आणि जे निघायचं त्याला घावन म्हणणं म्हणजे देवाघरी गेलेल्या बाईचा अपमान. शेजारीण कुंपणावरून वास घ्यायची आणि विचारायची, "भाऊ, रान जाळतास काय?" तांबडी मात्र सगळं खायची. करपलेलं खाल्लं, कच्चं खाल्लं, मीठ विसरलेलं खाल्लं. मी एकच घालायचो, तिच्यापुरतं. स्वतःसाठी तवा पुन्हा टाकायला मन व्हायचं नाही. मी पेज प्यायचो, आणि मासे तर ती गेल्यापासून तळले नव्हते.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी तांबडीने घावन हुंगलं आणि मान फिरवली. मी फोन केला, "घेतल्यान नाय, ये." मेव्हणा वालावलहून धामापूरमार्गे अशी स्कूटर मारत आला की, तिच्यातून आवाजच जास्त येत होते. आला, गाईला हात घालून बघितलं, जरा घुटमळला. मी विचारलं, "काय रे?" म्हणाला, "हात नाय म्हणता. पण माझ्या हातापेक्षा बायच्या घावनार माझो इस्वास जास्त." आणि कांडी दिली. नंतर चहा प्यायला स्वयंपाकघरात आला आणि चुलीकडे बघून थांबला. तव्याजवळ गेला, वाकला, हुंगला. "काल काय तळलास ह्येच्यार?" मी म्हटलं, "बांगडे. कालच पयल्यांदा." तो खालीच बसला. बांगड्यांचा तवा वेगळा आणि घावनांचा वेगळा, हे त्या घरात इतकी वर्षं होतं आणि मी एका घरात राहून एकच तवा आहे असं समजत होतो. तांबडीने मान फिरवली होती ती बांगड्यांना. दोनांतली एक कांडी फुकट गेली होती. मला वाटलं, आता हा बोलेल, मीच बोललो असतो त्याच्या जागी. पण तो इतकंच म्हणाला, "बांगडे ताजे होते?" मी म्हटलं, होते. म्हणाला, "मगे ते तरी बरे झाले असतले."

त्या दिवशी तो परत गेला नाही. भांडं माझ्या बायकोच्या खाटेखाली ठेवून इथेच राहिला. एकच कांडी होती आणि गाय म्हातारी व्हायला लागली होती. बिडाचा खरा तवा फळीवर, तिच्या हाताच्या तेलात काळा होऊन बसला होता, तो खाली काढला. आता आम्ही दोन म्हातारे रोज सकाळी चुलीपुढे. तो नारळाच्या सोडणाने तव्याला तेल लावायचा, मी पीठ ओतायचो. भांडायचो. "पातळ झाला." "तुझी भयण असाच करी." "माझी भयण असा करी नाय, तिच्या घावनाक भोकां पडत, तुमच्या घावनाक पोपडे." पण रोज एकत्र हात लागून लागून एक दिवस खरंच जाळी पडलेलं, पांढरं घावन तव्यावरून आपण होऊन सुटलं. ते मी गोठ्यात नेलं. तांबडीने ते खाल्लं, जसं करपलेलं खाल्लं होतं तसंच.

आणि मग ती सकाळ आली. तांबडीने घावन हुंगलं आणि मान फिरवली. आम्ही दोघं तिच्यापुढे दगडासारखे उभे. मी म्हटलं, "माज असतलो." तो म्हणाला, "नायतर घावन बिघाडला असतला." मी म्हटलं, "हात घालून बघ." त्याने बघितलं. म्हणाला, "हात गप आसा." ह्या गाईंचं सगळंच मुकं. आता ठरवायचं कसं? चुकलो तर पोवळ्या संपला, आणि पोवळ्यासाठी थांबलेली तांबडीही. मेव्हण्याने गव्हाणीतलं घावन उचललं, कोरड्या बाजूने तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून चावत राहिला. मग दुसरा तुकडा खाल्ला. मग मला आत जाऊन तव्यावरचं दुसरं घावन आणायला लावलं आणि तेही उभ्यानेच खाल्लं. मी वाट बघतोय. "उद्या सांगतंय म्हणालंस तर ह्या उलथन्यान मारीन तुका," मी म्हटलं. त्याने डोळे उघडले. म्हणाला, "घावन बरा आसा." इतक्या वर्षांत गरम असताना कुठल्या गोष्टीला त्याने बरं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "घावनाचो दोष नाय," तो म्हणाला, "गायच आसा."

त्याने झाकण काढलं. धूर वर आला. शेवटची कांडी चिमट्याने उचलून कोमट पाण्यात धरली. दुसऱ्या हाताने त्याने स्वतःचं मनगट घट्ट धरलं होतं. मी शेपटी धरून उभा होतो. काम झाल्यावर तो गाईच्या पाठीला हात लावून हळूच म्हणाला, "बाय, बघ गो आता." मी दुसरीकडे बघितलं. पुढचे आठवडे रोज सकाळी घावन घालायचं आणि तांबडी ते खाते काय बघायचं. ती खायची. आम्ही एकमेकांकडे न बघता चहा प्यायचो. खात राहिली, खात राहिली, म्हणजे गाभ धरला, तेव्हा तो स्कूटर काढून वालावलला गेला. भांड्यात तो द्रव त्याने पुन्हा भरला नाही. ठेवायला काही नव्हतं.

वर्षश्राद्धाला आला आणि परत जायचं नाव काढीना. श्रावणातल्या एका दुपारी, ऊन-पाऊस चालू असताना, तांबडी आपली आपण व्याली. मी वाकून बघितलं आणि म्हटलं, "पाडी आसा." हा गोठ्याच्या खांबाला टेकून, गाईकडे पाठ करून बसला होता. वळला नाही. मी म्हटलं, "अरे, बघ तरी. विटकरी आसा, तेच्यासारखी." म्हणाला, "रंगान काय होता?" मी म्हटलं, "मगे कधी बघतलंस?" म्हणाला, "ही वितली, हिची लेक वितली, तेवा कळात." मी म्हटलं, "तोपर्यंत आपण असतलों काय?" त्याने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. म्हणाला, "आपण कित्याक होये, भावोजी? पोवळ्या खंय आसा? बाय खंय आसा?" आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. पाऊस आम्ही होतो तिथपर्यंत येत नव्हता. संध्याकाळी पहिल्या चिकाचा खरवस केला, गूळ घालून. मी विचारलं, कसा झालाय. "उद्या सांगतंय," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगताच गेला. रिकामं भांडं गोठ्यात ठेवून गेला, झाकण काढून. स्कूटरच्या पुढच्या फळीवर भांडं नाही म्हणून तो जरा एका बाजूला कलल्यासारखा दिसत होता.

आता कांडी नाही, त्यामुळे माज कळून तसा उपयोग नाही. पण मी रोज सकाळी बिडाचा तवा काढतो, पहिलं घावन तांबडीला घालतो. पाडी बाजूला उभी राहून नाक पुढे करते, तिला अजून चावायला येत नाही. आणि रोज सकाळी फोन वाजतो. "घावन खाल्ल्यान?" मी सांगतो, खाल्ल्यान. की तो फोन ठेवतो. आमचं दुसरं बोलणं नाही, कशाला पाहिजे? परवा असाच वाजला. "खाल्ल्यान?" मी म्हटलं, "खाल्ल्यान." मी ठेवणार होतो, पण पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग तो म्हणाला, "आणि तुमी?"

चूल अजून गरम होती. मी म्हटलं, "घालतंय आता," आणि तवा परत वर ठेवला.